दहा मिनिटं तिला एकटीला बोलू द्या

“छान आहे हो सगळं. काही त्रास नाही तिला.”

बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या घरी, पुढच्या खोलीत बसून मी हे वाक्य बोलले होते. इतकं सहज, की बोलून झाल्यावर विसरूनही गेले. आज ते आठवलं की मनाला चुटपुट लागते. म्हणूनच मैत्रिणींनो, आज जरा वेगळ्या विषयावर बोलायचं ठरवलंय. विषयाचं नाव वाचून पान उलटू नका बरं का! विषय आहे मानसोपचारतज्ज्ञ जे संशोधन करतात त्याचा. ‘ते मोठ्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरांचं काम, आपला काय संबंध?’ असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. पण या संशोधनाची वाट आपल्या घरावरूनच जाते, आणि ती अडवून आपणच उभ्या असतो, हे मला फार उशिरा कळलं.

झालं असं. आमचं गाव बाजाराचं, बऱ्यापैकी मोठं. घर एकत्र. माझ्या धाकट्या जावेचं दुसरं बाळंतपण होतं. पहिलं रीतीप्रमाणे माहेरी झालेलं, हे दुसरं आमच्याकडे. ग्रामीण रुग्णालयात सुखरूप सुटली. दुसरीही मुलगीच. घरात उघड कुणी काही बोललं नाही, पण पहिल्या नातवाच्या वेळी, म्हणजे माझ्या मुलाच्या वेळी, गल्लीभर पेढे वाटले होते. या वेळी अर्धा किलो बर्फी आली आणि बारसं घरच्या घरी उरकलं. बाकी डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी, सगळं यथासांग चाललं होतं. जाऊ मात्र गप्प गप्प असायची. बाळ रडलं तरी भिंतीकडे बघत बसायची. “बाळंतिणीचं असंच असतं, रक्त कमी झालं असेल,” असं म्हणून आम्ही तिच्या ताटात पालक वाढत होतो.

सव्वा महिना होऊन गेला असेल. एक दिवस आशाताईंबरोबर एक मुलगी घरी आली. साधा पंजाबी ड्रेस, खांद्याला पिशवी, चेहरा उन्हानं लाल झालेला. आम्हाला वाटलं, पोलिओवाली असेल. तर ती निघाली डॉक्टर! जिल्ह्याच्या ठिकाणी मेडिकल कॉलेजात मानसोपचारात एम. डी. करत होती. त्यासाठी एक प्रबंध लिहावा लागतो, आणि तिचा विषय होता बाळंतपणानंतर येणारं नैराश्य. दहा प्रश्न होते. गेल्या सात दिवसांत हसू येतंय का, झोप लागते का, विनाकारण भीती वाटते का, असले.

सासूबाई बाजेवर बसल्या होत्या, तिथून हलल्या नाहीत. संमतीचा कागद पाहिल्यावर म्हणाल्या, “सही कशाला? आमचं काही लिहून घेता की काय?” आशाताईंनी समजूत घातली तेव्हा कुठे सही झाली. त्या मुलीनं अगदी नम्रपणे विचारलं, “आजी, मला यांच्याशी दहा मिनिटं एकटीनं बोलता येईल का?” सासूबाई ताडकन म्हणाल्या, “आमच्या घरात चोरून बोलण्यासारखं काही नाही.”

मी शाळेत शिक्षिका. घरातली ‘शिकलेली’. त्यामुळे तो कागद आपसूक माझ्या हातात आला. मी प्रश्न वाचायची, जावेकडे एक नजर टाकायची आणि उत्तर मीच सांगून टाकायची. “झोप लागते का? लागते की, बाळ झोपलं की झोपते. रडू येतं का? छे! रडायला काय झालंय?” शेवटचा प्रश्न जिवाचं बरंवाईट करून घेण्याबद्दल होता. तो तर मी वाचलासुद्धा नाही. अभद्र वाटलं. सरळ ‘नाही’वर खूण केली. जाऊ मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. डॉक्टर मुलगी दोनदा म्हणाली, “ताई, त्यांनाच बोलू द्या ना.” त्यावर मी ते वाक्य बोलले. “छान आहे हो सगळं.”

पुढच्या तीन आठवड्यांत काय काय झालं ते सगळं सांगत नाही. जावेनं जेवण टाकलं. “मला बाळाची भीती वाटते,” म्हणायला लागली. शेजारणीनं सांगितलं, बाहेरचं असेल. अंगारा झाला, उतारा झाला, लिंबं झाली. मग एका पहाटे ती मागच्या दारी अंधारात एकटीच बसलेली मला दिसली, आणि तिच्या तोंडून जे निघालं ते ऐकून माझे हातपाय गार पडले. त्याच दिवशी दिरांनी गाडी केली आणि आम्ही जिल्ह्याच्या दवाखान्यात गेलो. ओपीडीत समोर कोण बसलेली असावी? तीच मुलगी. तिनं आम्हाला ओळखलं. एक शब्दही टोमण्याचा बोलली नाही. आधी जावेचा हात हातात घेऊन तिच्याजवळ बसली आणि आम्हाला बाहेर पाठवलं. चाळीस मिनिटांनी दार उघडलं तेव्हा जाऊ हुंदके देऊन रडत होती. दोन महिन्यांत पहिल्यांदाच मोकळी रडत होती.

गोळ्या, समुपदेशन, सहा-आठ महिन्यांचे फेरे, असं सगळं होऊन जाऊ पूर्ण बरी झाली. पण माझ्या मनातून तो कागद काही जाईना. एकदा धीर करून मी डॉक्टरना विचारलं, “मॅडम, त्या दिवशीचा आमचा फॉर्म तुम्ही काय केला?” त्या म्हणाल्या, “ताई, त्यात सगळी उत्तरं चांगली होती. कागदावर तुमची जाऊ एकदम ठणठणीत!”

म्हणजे बघा, एक आजारी बाई माझ्यामुळे संशोधनात निरोगी ठरली असती. आणि अशा किती घरांत किती जणी ठरल्या असतील? मग तेच आकडे पुढे जाणार, आणि कुणीतरी खुर्चीवर बसून म्हणणार, ‘आपल्याकडे हा आजार फारसा नाही, एकत्र कुटुंबपद्धती आहे ना आपली!’

नंतर वाचलं तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. ती दहा प्रश्नांची मोजपट्टी स्कॉटलंडमध्ये तयार झाली, १९८७ साली. एडिंबरा शहराच्या नावानं ती ओळखली जाते. ती कशी वापरायची याच्या सूचनेतच म्हटलंय की उत्तरं आईनं स्वतः द्यावीत, आणि ती देताना दुसऱ्या कुणाशी चर्चा होऊ देऊ नये. आता सांगा, आपल्याकडच्या दीड खोलीच्या घरात, सासू बाजेवर, जाऊ शेजारी, दारात शेजारणीची पोरं, हे कसं जमायचं?

डॉक्टर मॅडम आता जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतः प्रॅक्टिस करतात. जावेच्या निमित्तानं आमची ओळख वाढली, येणंजाणं सुरू झालं. त्यांच्याकडून एकेक गोष्ट ऐकली आणि मी थक्कच झाले. आपल्याला वाटतं, संशोधन म्हणजे पांढरा कोट, काचेच्या नळ्या. यांचं संशोधन म्हणजे वणवण! सकाळी ओपीडीत रांग लागलेली, दुपारी वॉर्ड, रात्री इमर्जन्सी. त्यातून आठवड्याचा एखादा अर्धा दिवस सुटला की पिशवी उचलायची, स्वतःच्या पैशानं एसटी पकडायची आणि गावं पालथी घालायची. मदतीला माणूस नाही, गाडी नाही. दिलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा. तो उचलून म्हणणार, “ती शेतात गेलीय, काय काम आहे?” आणि ‘मानसिक’ हा शब्द उच्चारला की फोन बंद.

सगळ्यात गंमत, म्हणजे खरं तर दुःखच, आपल्या माहेरपणाची. पहिलं बाळंतपण माहेरी. गरोदरपणी जिची नोंद सासरच्या दवाखान्यात झाली, ती सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. डॉक्टरना भेटायचं असतं बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी. तेव्हा ती कुठल्या तरी दुसऱ्या तालुक्यात! पत्ता काय, तर ‘शाळेच्या मागं, पाटलाचा वाडा’. परदेशातल्या पुस्तकात असलं काही लिहिलेलंच नसतं. इकडे मात्र ज्या बायकांना सगळ्यात जास्त त्रास, नेमक्या त्याच हातातून निसटतात.

भाषेचं तर विचारूच नका. मॅडम सांगत होत्या, त्या प्रश्नावलीत एका ठिकाणी इंग्रजीतला वाक्प्रचार आहे, ‘गोष्टी माझ्या डोक्यावर चढून बसल्यात’ अशा धर्तीचा. तो तसाच मराठीत आणला तर आपल्या बायका विचारणार, “म्हणजे अंगात येतं का?” मग अर्थ धरून मराठी करायचं, ते दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत करून घ्यायचं, ताडून बघायचं, पुन्हा बायकांना विचारून बघायचं. यातच महिने जातात. आणि मुळात ‘उदास वाटतं का’ असं विचारलं तर आपण ‘नाही’च म्हणतो. आपण काय म्हणतो? डोकं जड होतं. छातीत धडधडतं. हातापायाला मुंग्या येतात. कशातच जीव रमत नाही. अंगावरून पांढरं जातं.

या शेवटच्या तक्रारीवरून सांगते. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ अडीच हजार बायकांची तपासणी करून एक अभ्यास केला. तो २००५ साली छापून आला. अंगावरून पांढरं जातं म्हणणाऱ्या सगळ्याच बायकांना जंतुसंसर्ग असतो असं आपण समजतो आणि गोळ्या देतो-घेतो. या अभ्यासात दिसलं, की त्या तक्रारीचं नातं संसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त घट्ट आहे. वाचून मी कितीतरी वेळ सुन्न बसले होते. आपल्यापैकी किती जणींनी वर्षानुवर्षं त्या गोळ्या खाल्ल्या असतील! शरीर बोलत होतं, पण मनाचं कुणी विचारलंच नव्हतं. एखाद्या डॉक्टरनं धडपड करून, दारोदार फिरून विचारलं, म्हणून हे कळलं. संशोधनाचा उपयोग तो हाच.

आणि बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं? तेही गोव्यातच, त्याच डॉक्टरांनी सहकाऱ्यांबरोबर तपासलं होतं. २७० बायका गरोदर असल्यापासून या अभ्यासात होत्या. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी विचारलं, तेव्हा त्यांतल्या २३ टक्के बायकांना नैराश्य होतं. म्हणजे दर चार-पाच जणींमागे एक. त्यातल्या बहुतेकींना गरोदरपणीच त्रास सुरू झाला होता, आणि निम्म्याहून जास्त जणी सहा महिन्यांनीही आजारीच होत्या. गरिबी, नवऱ्याशी न पटणं, यांचा त्याच्याशी संबंध होता. आणि हो, बाळ मुलगा की मुलगी याचाही होता. हे सगळं २००२ साली छापून आलं. आमच्या घरात ती अर्धा किलो बर्फी आली त्याच्या कितीतरी आधी! पण ते छापून आलं अमेरिकेतल्या एका इंग्रजी नियतकालिकात. माझ्या सासूबाईंपर्यंत, माझ्यापर्यंत, आमच्या आशाताईंपर्यंत ते कसं पोचणार? मला वाटतं, संशोधनातला सगळ्यात मोठा अडथळा हाच. करताना माणूस आपल्या दारात येतो. निकाल मात्र आपल्या दारात येत नाही.

आता थोडं सरकारबद्दल. २०१५-१६ साली बंगळूरच्या निमहान्स या संस्थेनं देशाचं मोठं मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. दर शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना त्या वेळी कसला ना कसला मानसिक आजार होता, आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते, असं त्यात दिसलं. बारा राज्यं निवडली होती. त्यात आपला महाराष्ट्र नव्हता! शेतकरी आत्महत्यांवर इतकी चर्चा करणारं आपलं राज्य, पण त्या मोजणीत आपली बाई कुठंच नव्हती.

आणि मोजणार कोण? देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरता भरत नाही. २०१९ साली मांडलेल्या एका हिशेबात हा आकडा ०.७५ आला होता. आता हा पाऊण डॉक्टर रांगेतले पेशंट तपासणार की संशोधन करणार? मॅडमना मी विचारलं, “आता तुमची स्वतःची प्रॅक्टिस आहे, आता का नाही करत?” त्या हसून म्हणाल्या, “ताई, कपाटात दहा वर्षांचे केसपेपर आहेत. त्यातून कितीतरी शिकता येईल. पण ते बघायला बसले तर बाहेरचे पेशंट कोण बघणार? हिशेब मांडायला संख्याशास्त्राचा जाणकार हवा, माहिती भरायला माणूस हवा, नैतिकता समितीची मंजुरी हवी. कॉलेजात निदान समिती तरी असते. इथं मी एकटी.” शिकताना प्रबंध सक्तीचा, म्हणून होतो. मग तो बांधून लायब्ररीत जातो आणि बहुतेकांचं संशोधन तिथंच संपतं. जणू लग्नात शिकलेली पैठणीची घडी, पुन्हा कधी मोडायचीच नाही!

मग सगळं अंधारच आहे का? मुळीच नाही. जिथं डॉक्टरांना हात मिळाले, तिथं कामं उभी राहिलीत. चेन्नईचं उदाहरण घ्या. स्किझोफ्रेनिया या आजाराच्या नव्वद रुग्णांचा अभ्यास तिथं १९८१ साली सुरू झाला, आणि त्यांचा मागोवा पंचवीस वर्षं घेतला गेला. हे एकट्यादुकट्या डॉक्टरचं काम नव्हे. १९८४ साली डॉ. शारदा मेनन यांनी ‘स्कार्फ’ ही संस्था स्थापन केली, डॉ. आर. थारा आणि इतरांनी ती पुढे नेली. पाठीशी संस्था होती, पत्ते शोधत जाणारी माणसं होती, म्हणून ते तडीस गेलं. याच डॉ. थारांनी या आजारामुळे संसार मोडलेल्या बायकांशी बोलून २००३ साली लिहिलं, की आजाराच्या कलंकापेक्षा नवऱ्यानं टाकल्याचा कलंक त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना जास्त बोचत होता. ही गोष्ट रक्ततपासणीत सापडत नाही. ती बाईजवळ बसल्यावरच कळते.

आपल्या विदर्भात डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम तीस गावांत राबवला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं, डॉक्टरांना गावाजवळ आणलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे लोक आधी सव्वाचार टक्के होते, ते दीड वर्षात सत्तावीस टक्क्यांवर गेले. २०१७ साली त्याचे निकाल छापून आले. मोजलं म्हणून कळलं, आणि कळलं म्हणून दुसऱ्या जिल्ह्यात मागता येतं.

आणि बाळंतिणींसाठी तर शेजारच्या पाकिस्तानातून फार सुंदर गोष्ट आली. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत डॉ. अतिफ रहमान या मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या आशाताईंसारख्याच तिथल्या आरोग्यसेविकांना शिकवलं, की घरी जाऊन आईशी कसं बोलायचं, तिच्या विचारांची दिशा कशी बदलायची, घरच्यांना कसं सामील करून घ्यायचं. या सगळ्या आयांना गरोदरपणीच नैराश्य होतं. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा, ज्यांच्याकडे अशी शिकलेली सेविका जात होती त्यांच्यात नैराश्य २३ टक्के उरलं होतं, आणि इतर आयांत ५३ टक्के! २००८ सालचा हा निकाल. त्यावरून पुढे गोव्यात साध्या घरगुती बायकांनाच हे काम शिकवलं. त्यांचं नाव ठेवलं ‘सखी’. त्या अभ्यासाचे निकाल २०१९ साली आले. बघा, संशोधनात मानसोपचारतज्ज्ञाचा सगळ्यात मोठा आधार कोण? आशाताई, सखी, आणि खरं उत्तर देणारी आई. म्हणजे आपणच!

आता मला जे वाटतं ते स्पष्ट सांगते. सरकारी कॉलेजात एम. डी. करणाऱ्या मुलामुलींना प्रबंधासाठी गावात जायचा प्रवासखर्च आणि बरोबर एक कार्यकर्ती मिळालीच पाहिजे. स्वतःच्या खिशातून एसटीचं तिकीट काढून देशाच्या आरोग्याची मोजणी होत नसते. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञाला आठवड्यातला एक दिवस संशोधनासाठी मोकळा द्यावा. ‘आधीच डॉक्टर कमी, त्यात हे कुठलं खूळ?’ असं कुणी म्हणेल. पण एका डॉक्टरनं आठवड्यातून एक दिवस देऊन शोधलेली वाट शंभर आशाताईंना उपयोगी पडते, हे रावळपिंडीनं दाखवलंय की! २००८ साली सुरू झालेल्या वेलकम इंडिया अलायन्सच्या शिष्यवृत्त्या आहेत, त्यात डॉक्टरांनाही संशोधनासाठी पगार आणि वेळ मिळतो. पण तिथवर मजल मारायला कुणीतरी हात धरून शिकवावं लागतं. जवळच्या कॉलेजांनी आमच्या मॅडमसारख्या गावोगावच्या डॉक्टरांना जोडून घ्यावं. आणि अभ्यास संपला की त्याचा निकाल मराठीतून, चार सोप्या ओळींत, त्या गावच्या बचत गटापुढे वाचून दाखवावा. एवढी अट घालाच.

आणि आपण? आपण आंधळेपणानं सगळ्याला हो म्हणावं, असं मी मुळीच म्हणत नाही. सासूबाईंनी ‘सही कशाला?’ विचारलं ते चूक नव्हतं. विचारायलाच हवं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, जो २०१८ पासून लागू झाला, संशोधनासाठी रुग्णाची मोकळेपणानं आणि समजून-उमजून दिलेली संमती आवश्यक ठरवलीय. नुसती मुलाखत घ्यायची असली तरीसुद्धा. आणि एकदा हो म्हटलं तरी पुढे कधीही ‘नको’ म्हणता येतं. म्हणून कुणी आलं तर बिनधास्त विचारा: तुम्ही कुठून आलात? ओळखपत्र दाखवा. नाव गुप्त राहील ना? मला त्रास आहे असं निघालं तर पुढे तुम्ही काय कराल? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे नाही त्याला चहा पाजून परत पाठवा. पण ज्याच्याकडे आहे, त्याला आपल्या सुनेशी, जावेशी, लेकीशी एकटीनं बोलू द्या. घराची अब्रू जाईल ही भीती मनातून काढून टाका. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात खरं, पण या मुठीत एखादीचा जीव घुसमटत असतो.

आणि संशोधनवाले दारात येईपर्यंत थांबायचंही कारण नाही. घरात कुणी बाळंतीण अशी गप्प झाली असेल, झोपत नसेल, बाळाची भीती वाटते म्हणत असेल, नको ते बोलत असेल, तर उताऱ्याच्या आधी डॉक्टर गाठा. २०२२ पासून ‘टेलिमानस’चा १४४१६ हा फोन नंबर सुरू आहे. पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवा, दुधाच्या हिशेबाशेजारी.

हे सगळं लिहायच्या आधी मी जावेला विचारलं. तिच्या घरची गोष्ट, तिची परवानगी नको का घ्यायला? आम्ही दोघी अंगणात वाल सोलत बसलो होतो. धाकटी, ती बर्फीवाली, आतून पाढे म्हणावेत तशी सायन्सची उत्तरं पाठ करत होती. जाऊ थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “लिहा ताई. नाव तेवढं नका घालू.” परत दोन-चार शेंगा सोलल्या, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, “आणि हेही लिहा. त्या दिवशी आईंना घेऊन तुम्ही चहा टाकायला आत गेला असतात ना, तर मी तिला सगळं सांगितलं असतं.”